गेमचा फोल्डर हलवताना काय काय हलतं

१०० जीबीचा गेम असलेला फोल्डर डी ड्राइव्हवरच्या एका जागेवरून त्याच ड्राइव्हवर दुसरीकडे टाकून बघा. माउसचं बटण सोडेपर्यंत काम झालेलं असतं. तोच फोल्डर आता ई ड्राइव्हवर टाका, म्हणजे हिरवी पट्टी दहा-पंधरा मिनिटं रेंगाळत राहील. फोल्डर तोच, फाइली त्याच, मग वेळेत एवढा फरक कशामुळे पडतो? हे एकदा कळलं की स्टीम, एपिक, जीओजी अशा लाँचरमधले, म्हणजे गेम उतरवून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले गेम दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना काय बिघडतं आणि ते टाळायचं कसं, हेही उलगडत जातं.

डिस्कवर फाइलचं नाव आणि फाइलमधला डेटा वेगवेगळे राहतात. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, ‘मास्टर फाइल टेबल’ नावाचा एक तक्ता ठेवते. फाइलीचं नाव काय, ती कोणत्या फोल्डरात आहे आणि तिचा डेटा डिस्कच्या नेमक्या कोणत्या भागांत लिहिलाय, याची नोंद त्यात असते. त्याच ड्राइव्हवर फोल्डर हलवला की ‘कोणत्या फोल्डरात’ एवढीच नोंद बदलते, आणि तीही फक्त सगळ्यात वरच्या फोल्डरची. आतल्या हजारो फाइलींचा डेटा होता तिथेच पडून राहतो. दुसऱ्या ड्राइव्हचा तक्ता मात्र स्वतंत्र असतो. तिथे जायचं तर प्रत्येक बाइट इथून वाचायचा, तिथे लिहायचा आणि सगळं झाल्यावर इथली नोंद पुसायची. आपण ज्याला हलवणं म्हणतो, ते खरं तर कॉपी करणं आणि मग जुनं पुसणं असतं.

ही दोन कामं वेगळी आहेत, हे लक्षात ठेवा. पुढचे बहुतेक घोटाळे त्यांच्या मधल्या फटीत होतात.

वेळेचं गणित सोपं आहे. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते असं धरलं, तर १०० जीबीला ११ मिनिटं लागतात. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह; साटा या जुन्या जोडणीची एसएसडी ५५० एमबीच्या आसपास जाते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची त्याच्या कितीतरी पुढे. पण जिथून वाचायचं आणि जिथे लिहायचं त्या दोन ड्राइव्हपैकी जो हळू, त्याच्याच चालीने काम चालतं. स्वस्तातल्या एसएसडीचा लिहिण्याचा वेग बराच वेळ सलग लिहिल्यावर घसरतो, म्हणून सुरुवातीला दाखवलेला वेळ शेवटपर्यंत टिकेल असं धरून चालू नये. आपल्याकडच्या अनेक जुन्या लॅपटॉपांत सी आणि डी हे दोन ड्राइव्ह दिसतात, पण आत डिस्क एकच असते, फक्त तिचे दोन भाग पाडलेले. अशा वेळी वाचणं आणि लिहिणं दोन्ही एकाच डिस्कवर चालतं, तिचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, सारखं इकडून तिकडे धावतं आणि वेळ आणखी वाढतो. एवढं करूनही गेम पूर्वीपेक्षा वेगाने चालू होत नाही, कारण तो आहे त्याच डिस्कवर. सी ड्राइव्ह मोकळा होतो, एवढाच त्यातला फायदा.

तरीही नव्याने डाउनलोड करण्यापेक्षा हलवणं किती स्वस्त, ते पाहा. १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटांच्या जोडणीवर (आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी येतात. म्हणजे १०० जीबीला सव्वादोन तासांच्या आसपास. आणि ज्याच्या घरी फायबर पोचलेलं नाही, जो मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर हॉटस्पॉट लावून काम भागवतो, त्याला तोच गेम पुन्हा उतरवायला पन्नास दिवस लागतील. शहरात सहज दिला जाणारा ‘काढून टाक आणि पुन्हा इन्स्टॉल कर’ हा सल्ला अशा मुलांना बिनकामाचा आहे. फाइली कशा हलवायच्या हे कळण्याची खरी गरज त्यांनाच आहे.

आता लाँचरकडे वळू. फाइल सिस्टीमचा तक्ता वेगळा आणि लाँचरची नोंद वेगळी. स्टीमच्या प्रत्येक लायब्ररीत, म्हणजे गेम ठेवायच्या जागेत, ‘स्टीमअ‍ॅप्स’ नावाचा फोल्डर असतो. त्याच्या आत ‘कॉमन’ या फोल्डरात गेम असतात, आणि ‘कॉमन’च्या शेजारी प्रत्येक गेमची एक छोटी मॅनिफेस्ट फाइल. तिच्या नावात त्या गेमचा स्टीमवरचा क्रमांक असतो; काउंटर-स्ट्राइक २ चा ७३०, डोटा २ चा ५७०. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. गेमचं नाव, कोणती आवृत्ती, डिस्कवर किती जागा, कोणता फोल्डर, सगळं साध्या मजकुरात लिहिलेलं. आपण एक्सप्लोररमध्ये जाऊन नुसता गेमचा फोल्डर कट-पेस्ट केला, तर ही मॅनिफेस्ट जुन्या जागी राहते. लाँचर जुन्याच जागी गेम शोधतो, तो सापडत नाही, आणि मग १०० जीबी डोळ्यांसमोर असूनही पुन्हा डाउनलोड सुरू करायची तयारी दाखवतो.

या नोंदी लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. स्टीमच्या मॅनिफेस्टमध्ये फक्त फोल्डरचं नाव असतं; तो ‘माझ्या शेजारच्या कॉमनमध्ये’ आहे हे गृहीत धरलेलं असतं. एपिकचा लाँचर सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात प्रत्येक गेमची नोंद ठेवतो आणि तीत ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण पत्ता लिहितो. धरणासाठी एखादं गाव उठलं आणि सगळ्या घरांची मांडणी तशीच ठेवून दुसरीकडे वसलं, तर ‘देवळामागचं दुसरं घर’ हा पत्ता नव्या गावातही खरा राहतो. गट नंबर लिहिलेला पत्ता मात्र त्याच दिवशी खोटा होतो. स्टीमची पूर्ण लायब्ररी उचलून नव्या डिस्कवर ठेवली आणि स्टीमला ‘ही बघ लायब्ररी’ एवढं सांगितलं, की सगळे गेम जागच्या जागी सापडतात. एपिकचे गेम असेच उचलले, किंवा विंडोजने नुसतं बाहेरच्या डिस्कचं अक्षर ईचं एफ केलं, तरी नोंद आणि गेम यांची ताटातूट होते.

म्हणून सरळ वाट ही, की ज्याने पत्ता लिहिला त्याच्याच हातून तो बदलून घ्यावा. स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन नवा ड्राइव्ह जोडायचा. मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये, इन्स्टॉल्ड फाइल्सखाली, फोल्डर हलवण्याचं बटण आहे. कॉपी करणं, मॅनिफेस्ट नेणं, जुनं पुसणं, सगळं स्टीम करतं. नव्या ड्राइव्हवर पूर्ण गेम मावेल एवढी जागा आधी बघून घ्या. ड्राइव्ह काठोकाठ भरूही नये, कारण पुढच्या अपडेटच्या वेळी उतरवलेला भाग ठेवायलाही जागा लागते.

हलवण्याचं बटण जिथे नाही किंवा चालत नाही, तिथे खेळणारे वर्षानुवर्षं एक युक्ती वापरत आलेत. गेमची प्रत दुसरीकडे जपून ठेवायची. लाँचरमधून गेम काढायचा. नव्या जागी इन्स्टॉल सुरू करायचा, एक-दोन टक्के झाले की थांबवायचा. मग जपलेल्या फाइली त्या नव्या फोल्डरात टाकून इन्स्टॉल पुढे चालू करायचा. लाँचर थोडा वेळ ‘पडताळणी’ करतो आणि काहीही डाउनलोड न करता गेम तयार!

ही युक्ती चालते ती हॅशमुळे, म्हणजे डेटावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्यामुळे. स्टीम प्रत्येक फाइलचे साधारण एकेक एमबीचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यावर एसएचए-१ ही गणिती प्रक्रिया चालवून २० बाइटांचा एक आकडा काढतं. तुकड्यातला एक बिट जरी बदलला, तरी हा आकडा पार वेगळा येतो. कोणत्या तुकड्याचा आकडा काय असायला हवा, याची यादी सर्व्हरकडून येते. लाँचर डिस्कवरचे तुकडे वाचतो, स्वतः आकडे काढतो, यादीशी ताडतो, आणि जे जुळत नाहीत तेवढेच उतरवतो. फाइल कुठून आली, कोणी ठेवली, पेनड्राइव्हवरून आली की मित्राच्या हार्ड डिस्कवरून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आकडा जुळला की फाइल खरी. कॉपी होताना वीज गेली आणि चार फाइली अर्धवट राहिल्या, तरी याच पडताळणीने गेम दुरुस्त होतो.

लाँचरला काही न सांगता गेम हलवण्याचीही एक वाट आहे. विंडोजच्या ‘एमकेलिंक’ या आज्ञेने जुन्या जागी जंक्शन ठेवता येतं. जंक्शन फोल्डरसारखं दिसतं, पण आत शिरलं की फाइल सिस्टीम परस्पर दुसऱ्या ड्राइव्हवर नेऊन सोडते. स्टीम २००३ मध्ये आलं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं त्यात दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी करायची सोयच नव्हती. तेव्हा अनेकांनी जंक्शनवरच भागवलं. आज त्याची गरज क्वचितच पडते, आणि दुवे ठेवून केलेल्या स्थलांतरात धोका किती मोठा असू शकतो याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे.

जानेवारी २०१५ मध्ये विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्या एकाने स्टीमचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर नेला आणि जुन्या जागी जंक्शनसारखाच, नव्या जागेकडे नेणारा दुवा ठेवला. नंतर स्टीम सुरू केल्यावर त्याच्या सगळ्या वैयक्तिक फाइली पुसल्या गेल्या, अगदी जोडलेल्या बाहेरच्या बॅकअप डिस्कवरच्यासुद्धा. स्टीम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, एक ओळ होती: स्टीमचा पत्ता घ्या, त्यापुढे तिरकी रेघ लावा आणि त्याखालचं सगळं पुसा. पत्ता सापडला नाही तर ती जागा रिकामी राही, आणि उरे फक्त तिरकी रेघ. लिनक्समध्ये नुसती तिरकी रेघ म्हणजे सगळ्या फाइलींचं मूळ! वापरणाऱ्याला जे जे पुसायची मुभा होती, ते ते पुसलं गेलं. त्या ओळीवर लिहिणाऱ्यानेच ‘भीतिदायक!’ अशा अर्थाची टीप टाकून ठेवली होती. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ती चूक नंतर दुरुस्त केली. पण पत्ता रिकामा आहे का, एवढं तपासणारी एक ओळ आधी असती तर हे टळलं असतं. म्हणून हाताने गेम हलवताना आधी कॉपी करा, नव्या जागेवरून गेम एकदा चालवून बघा, आणि त्यानंतरच जुनं पुसा.

राहिला प्रश्न कोणता गेम कुठे ठेवायचा याचा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पुरा करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो डेटा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, शिवाय हेड सरकायचा वेळ. म्हणजे विखुरलेली प्रत्येक लहान फाइल वाचायला दहा-बारा मिलिसेकंद. १०,००० फाइली असतील तर नुसत्या शोधण्यातच दोन मिनिटं जातात. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. हा फरक भरून काढायला गेम बनवणारे एक उपाय करत आले: एकच चित्र किंवा आवाज अनेक ठिकाणी पुन्हापुन्हा लिहून ठेवायचा, म्हणजे हेडला लांब जावं लागत नाही. हेलडायव्हर्स २ हा गेम यामुळे पीसीवर १५० जीबीच्या वर गेला होता. २०२५ च्या अखेरीस अ‍ॅरोहेड या स्वीडिश स्टुडिओने या पुनरावृत्ती काढल्या, आणि गेम सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीवर आला. हार्ड डिस्कवाल्यांना फार ताटकळावं लागेल अशी त्यांना भीती होती. प्रत्यक्षात फरक काही सेकंदांचाच पडला, कारण लोडिंगचा बराचसा वेळ खेळातल्या त्या-त्या टप्प्याचा भूभाग तयार करण्यात जात होता. इतकी वर्षं किती जणांच्या डिस्कवर अशी जागा अडून राहिली असेल, आणि आणखी किती गेममध्ये आजही अडलेली असेल, हा विचार अस्वस्थ करतो.

मोठं खुलं जग असलेले, खेळताना सतत डिस्क वाचणारे गेम एसएसडीवर ठेवावेत. सायबरपंक २०७७ आणि स्टारफील्डसारखे गेम तर एसएसडी मागतातच. जुने, छोटे गेम हार्ड डिस्कवर बिनघोर चालतात. बाहेरची डिस्क एफएटी३२ या जुन्या फाइल सिस्टीमची असेल तर तिच्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही आणि आजच्या गेममध्ये अशा फाइली सर्रास असतात, म्हणून ती आधी एनटीएफएस करून घ्यावी. फॉरमॅट केल्यावर तिच्यावरचं सगळं जाईल, हे धरूनच.

तुमची प्रगती, म्हणजे सेव्ह फाइली, बहुतेक वेळा या फोल्डरात नसतातच. त्या डॉक्युमेंट्समध्ये, ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये किंवा लपवलेल्या ‘अ‍ॅपडेटा’त असतात, त्यामुळे गेम कुठेही नेला तरी त्या सी ड्राइव्हवरच राहतात आणि नव्या जागेवरून खेळताना आपोआप सापडतात. काही जुने गेम मात्र सेव्ह स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. असा गेम लाँचरमधून काढण्याआधी त्याचा फोल्डर उघडून ‘सेव्ह’ नावाचं काही दिसतं का ते बघा, आणि दिसलं तर त्याची प्रत आधी बाजूला काढून ठेवा.