हेमलकसा म्हणजे कुष्ठरोग्यांचं रुग्णालय नव्हे!

बाबा आमटे म्हटलं की कुष्ठरोग, आणि मग ओघानेच हेमलकसाही कुष्ठरोग्यांसाठी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात हे सर्रास वाचायला मिळतं. चूक आहे. कुष्ठरुग्णांसाठी बाबांनी उभं केलं ते आनंदवन, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ. हेमलकसा तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, भामरागडच्या जंगलात.

हेमलकसाचा लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला २३ डिसेंबर १९७३ रोजी, माडिया गोंड आदिवासींसाठी. हेमलकसा आज ज्या जिल्ह्यात आहे, तो गडचिरोली जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. पावसाळ्यात इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा फुगल्या की रस्ता तुटायचा. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या पत्नी, भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे येणारी दुखणी जंगलातली होती: हिवताप, सर्पदंश, अडलेलं बाळंतपण, नाहीतर अस्वलाने फाडलेला चेहरा. वीज नव्हती. सुरुवातीला तर रुग्णच येत नव्हते, कारण भरवसा मांत्रिकावर; बरा होऊन घरी गेलेला माणूस हीच काय ती जाहिरात. हा भरवसा मिळवण्यासाठी डॉक्टरांना माडिया बोली शिकावी लागली.

‘बाबांनी रुग्णालय चालवलं’ हेही तितकंसं खरं नाही. कल्पना आणि सुरुवात बाबांची, पण दवाखाना चालवला तो या दांपत्याने आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी. बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला १९८५ मध्ये. प्रकाश आणि मंदाकिनी यांना दोघांना मिळून २००८ मध्ये, बाबांच्या पुरस्काराहून वेगळा. ही दोन वर्षंही मेसेजमध्ये बिनदिक्कत एक केलेली असतात.