दोन फोटो शेजारी ठेवले म्हणजे हिमनदीचं माप निघत नाही

गोमुखाचा, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा (खालच्या टोकाचा) जुना पांढराशुभ्र फोटो, शेजारी आजचा काळा-राखाडी फोटो आणि खाली मजकूर: ‘बर्फ संपला!’ हिमनद्या आटताहेत हे खरं, पण ही जोडी त्याचा पुरावा नाही. पांढरं दिसतं ते बहुधा मोसमी हिम. मे महिन्यात ते असतं, सप्टेंबरात वितळलेलं असतं. शिवाय गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला आहे. राखाडी ढिगाऱ्याखाली बर्फच असतो.

तुलना करायची तर दोन्ही फोटो सप्टेंबरअखेरचे, नवं हिम पडण्याआधीचे हवेत. त्याहून महत्त्वाची उभं राहायची जागा. जवळचा खडक आणि मागचं शिखर जुन्या फोटोत जसे एका रेषेत येतात तसेच यायला हवेत. डावी-उजवीकडे खडक-शिखराच्या अशा दोन जोड्या जुळल्या की जागा सापडली. लेन्स वेगळी असली तर फोटोच्या कडा कापून भागतं. जागा चुकली तर कापून काहीच सुधारत नाही. सावल्या जुळाव्यात म्हणून वेळही तीच. कॅमेरा हिमाला करडं करतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) 1 ते दीड स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश.

ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने 1921 मध्ये टिपलेली एव्हरेस्टजवळची रोंगबुक हिमनदी अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशियर्सने 2007 मध्ये त्याच जागेवरून पुन्हा टिपली. तिथे बर्फाचा पृष्ठभाग सुमारे 100 मीटर खचलेला दिसतो. नुसत्या मुखाच्या फोटोत ही घट दिसलीच नसती.