बाल्टिकच्या तळाचा हिशोब

उत्तर युरोपातला बाल्टिक समुद्र नकाशावर मोठा दिसतो, पण तो उथळ आहे. सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. महासागराशी त्याचा नैसर्गिक संबंध येतो तो डेन्मार्कच्या बेटांमधल्या आणि डेन्मार्क-स्वीडन यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुन्यांमधून, आणि तिथेही तळाशी उंबरठे आहेत. काही ठिकाणी उंबरठ्यावरच्या पाण्याची खोली २० मीटरसुद्धा भरत नाही. त्यामुळे या समुद्रातले सगळे पाणी बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात. आज त्यात गेलेली घाण पुढच्या पिढीपर्यंत तिथेच फिरत राहते.

वरून नद्यांचे गोडे पाणी येत असल्याने बाल्टिकचे पाणी मचूळ आहे. एक लिटर महासागरी पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, मध्य बाल्टिकमध्ये पृष्ठभागाजवळ ते ७ ग्रॅमच्या आसपास. उंबरठा ओलांडून आत येणारे खारट पाणी जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते आणि वरचे हलके पाणी त्यावर थर धरते. या दोन थरांची सहजी सरमिसळ होत नाही. वाऱ्याने वरच्या पाण्यात मिसळलेला प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. तळाला नवा प्राणवायू मिळतो तो फक्त एखाद्या मोठ्या पश्चिमी वादळाने उत्तर समुद्राचे पाणी आत लोटले तर. डिसेंबर २०१४ मध्ये असे झाले तेव्हा सुमारे ४ अब्ज टन मीठ आत आले. मोजमाप सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत मोठ्या प्रवाहांपैकी तो एक होता. तरीही दोन-तीन वर्षांत खोल भागातला तो प्राणवायू संपून गेला.

तो का संपला, हे कळले की बाल्टिकचा सगळा प्रश्न कळतो. शेतातली खते आणि शहरांचे सांडपाणी यांतून नायट्रोजन व फॉस्फरस समुद्रात येतात. त्यावर शैवाल फोफावते, मरते, तळाशी जाते, आणि ते कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. इथवरची गोष्ट जगात अनेक ठिकाणी घडते. बाल्टिकमध्ये पुढची पायरी फार घातक ठरते. प्राणवायू असेपर्यंत तळाच्या गाळातले लोहसंयुग फॉस्फरसला धरून ठेवते. प्राणवायू संपला की ते फॉस्फरस सोडून देते. मोकळा झालेला फॉस्फरस वर येतो आणि उन्हाळ्यात सायनोबॅक्टेरियांना, म्हणजे निळ्या-हिरव्या शैवालाला, खाद्य पुरवतो. हे जीव हवेतून विरघळलेला नायट्रोजन स्वतःच वापरात आणू शकतात, त्यांना फक्त फॉस्फरसची उणीव असते. म्हणजे किनाऱ्यावरून येणारी घाण कमी केली तरी तळातला जुना साठा नवे शैवाल पोसत राहतो. गेल्या शंभरेक वर्षांत प्राणवायू कमी पडलेला तळ सुमारे ५,००० चौरस किलोमीटरांवरून ६०,००० च्या वर गेला. अरबी समुद्रातही मधल्या खोलीवर प्राणवायू अत्यल्प असलेला मोठा पट्टा आहे, पण तो मुख्यतः नैसर्गिक आहे. बाल्टिकमधली वाढ माणसामुळे झालेली आहे.

या समुद्राच्या काठावर नऊ देश आहेत. पाणलोट क्षेत्र समुद्राच्या चौपट मोठे, १४ देशांत पसरलेले आणि त्यात सुमारे साडेआठ कोटी माणसे. १९७४ च्या मार्चमध्ये हेलसिंकीत सात किनारी राष्ट्रांनी करार केला, तेव्हा शीतयुद्ध जोरात होते. पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी एकाच मेजावर होत्या, सोव्हिएत संघ आणि डेन्मार्कसुद्धा. एका संपूर्ण समुद्राच्या प्रदूषणाचे सगळे स्रोत एकाच कराराखाली आणणारा हा जगातला पहिला करार. तो १९८० मध्ये अमलात आला. त्यातून उभ्या राहिलेल्या आयोगाला हेलकॉम म्हणतात, आणि त्याचे कार्यालय हेलसिंकीतच आहे.

तेव्हाचा करार फार तोकडा होता. देशांच्या अंतर्गत जलक्षेत्राला तो लागूच नव्हता, म्हणजे किनाऱ्याजवळचे, बंदरांतले पाणी बाहेर राहिले. १९९२ च्या नव्या करारात ते आत आले, पाणलोट क्षेत्रही आले. तरीसुद्धा माझ्या मते १९७४ चा सर्वांत मोठा लाभ कराराच्या मसुद्यात नव्हता, तो प्रयोगशाळांत होता. एकमेकांवर विश्वास नसलेल्या देशांच्या शास्त्रज्ञांनी एकाच पाण्याचे नमुने वाटून घेतले, तपासले, आकडे जुळतात का ते पाहिले आणि पद्धती एकसारख्या केल्या. १९७९ पासून सामाईक निरीक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढे कुठल्याही बैठकीत 'तुमचे आकडे चुकीचे' असे म्हणून सुटका करून घेणे अवघड झाले.

१९८८ मध्ये मंत्र्यांनी ठरवले की १९९५ पर्यंत पोषक द्रव्यांचा भार निम्म्यावर आणायचा. सगळ्यांसाठी एकच आकडा. ध्येय गाठले गेले नाही, आणि त्याला समुद्राच्या प्रकृतीचा आधारही नव्हता. २००७ च्या कृती आराखड्यात विचार उलटा फिरवला गेला. आधी विचारले, पाणी नितळ राहावे आणि तळाशी प्राणवायू टिकावा, तर समुद्राच्या कुठल्या भागात वर्षाला किती भार चालेल? संगणकी प्रतिमानांनी उत्तर दिले, नंतर ते सुधारले गेले: संपूर्ण बाल्टिकसाठी फॉस्फरस सुमारे २१,७०० टन, नायट्रोजन सुमारे ७ लाख ९२ हजार टन. त्यावरून प्रत्येक देशाच्या वाट्याची कपात निघाली. ज्यांनी ती मान्य केली त्यांच्यावर कायद्याचा बडगा नव्हता. हेलकॉममध्ये निर्णय एकमताने होतात आणि शिफारशी बंधनकारक नसतात. पण कुणाचा वाटा किती, हे सगळ्यांना दिसते.

याचा उपयोग कसा होतो ते रशियातल्या नेवा नदीच्या मुखाशी दिसते. सेंट पीटर्सबर्गचे सांडपाणी दीर्घकाळ शुद्ध न होता फिनलंडच्या आखातात जात होते. फिनलंड, स्वीडन आणि इतरांच्या आर्थिक मदतीने २००५ मध्ये शहराच्या नैर्ऋत्य भागात शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला आणि २०१३ पर्यंत शहराचे सुमारे ९८ टक्के सांडपाणी शुद्ध होऊ लागले. त्याच आखातात येणाऱ्या लुगा नदीत फॉस्फरस असामान्य प्रमाणात आढळला, माग काढत लोक एका खत कारखान्याच्या कचऱ्याच्या ढिगापर्यंत पोहोचले आणि २०१२ च्या सुमारास गळती रोखली गेली. दुसऱ्याच्या शहरात पैसा घालणे शेजाऱ्यांना महाग वाटले नाही, कारण स्वतःकडचा शेवटचा थेंब शुद्ध करण्यापेक्षा तिथला पहिला थेंब शुद्ध करणे कितीतरी स्वस्त होते.

बाल्टिककडे येणारा फॉस्फरस १९८० च्या दशकापासून निम्म्याहून खाली आला आहे. डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही औद्योगिक रसायने यांवर बंदी आल्यावर पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड पुन्हा पिल्ले वाढवू लागले. करड्या सीलची संख्या १९७० च्या दशकात काही हजारांवर आली होती, आता मोजणीत ४०,००० हून अधिक दिसतात. विषारी रसायने थांबवली की प्राणी सावरतात, हे यातून ठळक दिसते. तळाच्या प्राणवायूला मात्र असा वेग नाही. पूर्व बाल्टिकमधल्या कॉड माशाची अंडी खारट, प्राणवायूयुक्त खोल पाण्यातच तरंगून वाढतात. असे पाणी आता फार थोडे उरले आहे. २०१९ पासून युरोपीय संघाने तिथली कॉडची थेट मासेमारी बंद केली, तरी साठा सावरलेला नाही. मासेमारांचे नुकसान खरे आहे. मला इथे सगळ्यात जास्त वाईट वाटते, कारण हे लोक त्या पोषक द्रव्यांचे उगमस्थान नव्हते.

उरलेला भार मुख्यतः शेतांतून येतो, आणि तो एखाद्या नळाच्या तोंडाशी अडवता येत नाही. फिनलंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या 'द्वीपसमूह समुद्रा'कडे ज्यांचे पाणी वाहते त्या शेतांवर जिप्सम पसरतात. जिप्समने मातीचे कण एकत्र धरून राहतात आणि पावसाबरोबर वाहून जाणारा फॉस्फरस घटतो. हा उपाय काही वर्षे टिकतो, मग पुन्हा करावा लागतो.

२००७ च्या आराखड्याने २०२१ पर्यंत समुद्र निरोगी करण्याचे ठरवले होते. ते झाले नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये सुधारित आराखडा झाला आणि मुदत २०३० पर्यंत गेली. पुढच्याच वर्षी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि हेलकॉमच्या बैठका थांबल्या. नंतर बाकीचे आठ देश आणि युरोपीय संघ यांनी आपापसात काम सुरू ठेवले. रशिया कराराचा सदस्य आहेच, पण एकत्र बसणे थांबले आहे. फिनलंडच्या आखाताचा हिशोब मांडणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे आता ही अडचण उभी आहे, कारण बाल्टिकला मिळणारी सर्वांत मोठी नदी, नेवा, रशियातून येते. तिचा आकडा हाती असल्याशिवाय त्या आखातासाठी ठरलेली मर्यादा पाळली गेली की नाही, हे इतर आठ देशांना एकट्याने सांगता येणार नाही.