अठरा शिंगं, प्रत्येकाला एकच सूर

सिम्हा अरोम १९६३ साली मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, बांगीत, गेले ते ब्रास बँड उभा करायला. जन्म १९३०चा, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा; पॅरिसमध्ये हॉर्न शिकून जेरुसलेमच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. बांगीत त्यांच्या कानावर तिथल्या जंगलात राहणाऱ्या आका पिग्मी लोकांचं गाणं पडलं आणि बँड मागे पडला. पुढे ते फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधन संस्थेत संगीतशास्त्रज्ञ झाले.

अडचण साधी, पण हटवादी होती. आका गातात तेव्हा जो तो आपली वेगळी चाल धरतो आणि गाता गाता ती बदलतो. त्याच देशातल्या बांदा-लिंदा लोकांच्या ताफ्यात तर अठरापर्यंत शिंगं असतात आणि एका शिंगातून मुख्यतः एकच सूर निघतो. धून कुणा एकाकडे नसतेच, ती सगळ्यांच्या मधे तयार होते. टेपवर उतरतो तो गुंता. बरं, एकेकाला वेगळं बसवून वाजवायला सांगावं, तर शेजारचं शिंग ऐकल्याशिवाय आपण कुठे शिरायचं हेच त्याला सुचत नाही.

अरोम यांनी दोन टेपरेकॉर्डर घेतले. आधी पूर्ण ताफा ध्वनिमुद्रित केला. मग एका वादकाच्या कानाला हेडफोन लावून ते मुद्रण ऐकवायचं. तो फक्त आपला भाग वाजवणार, दुसरं यंत्र तेवढाच टिपणार. पुढच्याला हा सुटा भाग ऐकवायचा. असं एकेक करत अख्खा ताफा उलगडायचा. त्यावर वादकांकडूनच टाळ्या वाजवून घ्यायच्या. मला ही टाळीची युक्ती सगळ्यात आवडते, कारण मूळ मात्रा त्या संगीतात बहुधा कुणी वाजवतच नाही, ती वादकांच्या मनात चालू असते. टाळी पडली की ती टेपवर येते.

सुटे भाग कागदावर आल्यावर दिसलं, की वरवर सैरभैर वाटणाऱ्या प्रत्येक भागाखाली एक छोटं आवर्तन आहे. बाकी सगळे त्याचेच फेरफार. हे आवर्तन खरं की संशोधकाच्या डोक्यातलं, याचा निवाडा अरोम यांनी वादकांवर सोपवला.

१९८९मध्ये ते सिंथेसायझर, म्हणजे हवा तो स्वर लावता येणारं विजेवरचं वाद्य, घेऊन गेले. लाकडी पट्ट्यांच्या स्थानिक झायलोफोनचे स्वर गावोगाव वेगळे लागत, मग बरोबर कुठले? तर सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर लाकडी पट्ट्या बसवल्या, वादकांच्या हाती त्यांच्याच काठ्या दिल्या. नाही पटला स्वर, तर तिथल्या तिथे बदलून पुन्हा वाजवायचं.