मोआबच्या वाळवंटात सायकल: व्हाइट रिमचं परमिट कसं काढायचं

युटा राज्यातल्या मोआब गावाभोवतीचा लाल खडकाचा मुलूख माउंटन बाइकवाल्यांची पंढरी मानला जातो. सॉल्ट लेक सिटीहून गाडीने साधारण चार तास. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना लांबच्या सुट्टीत सहज जमेल अशी ही सफर आहे, पण ती अडते बहुतेक वेळा परमिटपाशी. त्यामुळे ट्रेल निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही जमीन कोणाची? परवाना लागतो की नाही, कोणाकडून लागतो, किती आधी लागतो, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

ट्रेल शोधायला ट्रेलफोर्क्स किंवा एमटीबी प्रोजेक्ट ही ॲप चांगली आहेत. लांबी, चढ, अवघडपणा सगळं त्यात कळतं. मात्र परवान्याच्या बाबतीत ॲपवर विसंबू नका. सोबत जमीनमालकी दाखवणारा सरकारी नकाशा उघडा. त्यात पिवळा रंग म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याची जमीन, हिरवा म्हणजे वनखातं, निळा म्हणजे राज्य सरकार आणि पांढरा म्हणजे खासगी. मोआबच्या आसपास पिवळा रंग भरपूर आहे, आणि तिथे घरच्या किंवा मित्रांच्या गटाने सायकल चालवायला सहसा परमिट लागत नाही. प्रसिद्ध स्लिकरॉक ट्रेल सँड फ्लॅट्स या राखीव क्षेत्रात येते. तिथे फाटकावर प्रवेशशुल्क भरलं की झालं. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनी मात्र वेगळ्या. नवाहो नेशनच्या हद्दीत त्यांचे स्वतःचे नियम आणि स्वतःचे परवाने चालतात; अमेरिकन सरकारचा कागद तिथे उपयोगाचा नाही.

आता मुख्य गोष्ट, व्हाइट रिम. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात आयलंड इन द स्काय नावाचं उंच पठार आहे. त्याच्या खालच्या टप्प्यावरून, कड्याच्या काठाकाठाने हा सुमारे १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता पठाराला वळसा घालतो. १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी तो बांधला गेला. उद्यान झालं ते १९६४ मध्ये. एका बाजूला कोलोराडो नदीची दरी, दुसऱ्या बाजूला ग्रीन नदीची. सायकलवर तीन ते चार दिवस लागतात. कसलेले लोक एका दिवसातही पूर्ण करतात, पण पहिल्याच खेपेला तो हट्ट धरू नये.

परमिट दोन प्रकारचं

एका दिवसात जाऊन यायचं असलं तरी दिवसाचं परमिट हवंच. दररोज सायकलींसाठी ५० आणि गाड्यांसाठी ५० अशी मर्यादा आहे. ऑनलाइन काढलं तर ६ डॉलर लागतात. रात्री मुक्काम करायचा असेल तर मुक्कामाचं परमिट वेगळं, आणि खरी चुरस तिथेच आहे. संपूर्ण रस्त्यावर मिळून २० कॅम्पसाइट आहेत. मर्फी हॉगबॅक, व्हाइट क्रॅक, कँडलस्टिक ही त्यांतली काही नावं. एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३ गाड्या चालतात. आरक्षणाचे ३६ डॉलर, ते परत मिळत नाहीत, आणि वर माणशी दर रात्रीचे ५ डॉलर. चार जण तीन रात्री राहिले तर ९६ डॉलर होतात. उद्यानाचं प्रवेशशुल्क याहून निराळं. हे दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा पडताळून घ्या.

अर्ज रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर करायचा. तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. १० मार्च ते ९ जूनच्या हंगामाची नोंदणी आदल्या वर्षीच्या १० नोव्हेंबरला उघडते. १० जून ते ९ सप्टेंबरसाठी १० फेब्रुवारी, १० सप्टेंबर ते ९ डिसेंबरसाठी १० मे आणि हिवाळ्यासाठी १० ऑगस्ट. वेळ सकाळी आठची, तिथल्या माउंटन टाइमनुसार. भारतातून कोणी अर्ज भरणार असेल तर नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रात्री साडेआठ, मे आणि ऑगस्टमध्ये संध्याकाळी साडेसात.

माझं ठाम मत: एप्रिल किंवा ऑक्टोबर गाठा. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि त्या रस्त्यावर सावली जवळपास नाहीच.

अर्जाच्या आधी काय हाताशी हवं? संकेतस्थळावरचं खातं, क्रेडिट किंवा डेबिट कार्ड, गटातल्या माणसांची आणि गाड्यांची संख्या, आणि प्रत्येक रात्रीचा मुक्काम. हा शेवटचा मुद्दा घाईत ठरवता येत नाही. फिरण्याची दिशा आधी ठरवा, रोजचं अंतर वाटून घ्या आणि पर्यायी तारखांचे दोन-तीन आराखडे लिहून ठेवा, कारण आठ वाजता विचार करायला वेळ मिळत नाही. परमिट ज्याच्या नावावर असेल तो प्रत्यक्ष सोबत असायला हवा. ते दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे ज्याचं येणं नक्की आहे त्याच्याच नावाने अर्ज करा. फोटो असलेलं ओळखपत्र आणि परमिटची छापील प्रत जवळ ठेवा, कारण खाली मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही.

वाटेत कुठेही पिण्याचं पाणी नाही. माणशी दिवसाला किमान चार लिटर धरा. तीन दिवसांचं एवढं ओझं सायकलवर वाहणं अवघड, म्हणून बहुतेक गट सामानाची गाडी बरोबर ठेवतात. ती उंच तळाची, फोर-व्हील ड्राइव्हचीच हवी. साधी गाडी पठारावरून खाली नेणाऱ्या शेफरच्या घाटातून उतरेल कदाचित, पण पुढे अडकली तर ओढून आणायचा खर्च बहुधा १,००० डॉलरच्या वर जातो.

नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. सायकल फक्त रस्त्यावर, पायवाटांवर अजिबात नाही. तिथल्या मातीवर जिवाणू, शेवाळ आणि दगडफुलासारख्या सजीवांची काळसर, खडबडीत साय धरलेली असते. तीच वाळू धरून ठेवते, पाणी मुरवते. एका चाकाचा ओरखडा भरून यायला वर्षानुवर्षं, कधी दशकं लागतात. कुत्र्याला नेता येत नाही, गाडीत बसवूनही नाही. लाकडं जाळायची नाहीत, कचरा सगळा परत आणायचा.

हव्या त्या तारखा मिळाल्या नाहीत तर संकेतस्थळावर अधूनमधून डोकावत राहा. लोक बेत रद्द करतात तशा जागा सुटतात. मोआबमधल्या अधिकृत मार्गदर्शक कंपन्यांच्या सहलींत सामील झालात तर परमिटची जबाबदारी त्यांची. आणि एखादं मंडळ बीएलएमच्या जमिनीवर पैसे घेऊन सहल किंवा शर्यत आयोजित करणार असेल, तर त्याला विशेष मनोरंजन परवाना लागतो. तो अर्ज कार्यक्रमाच्या किमान १८० दिवस आधी, त्या भागातल्या बीएलएम कार्यालयात द्यावा लागतो.