हळकुंड मोडून बघावं तसा शोधनिबंध

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि चारचौघांत बोली लावतो. शोधनिबंधाची पारख मात्र बंद दाराआड होत आली. 1665 साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं. छापण्याआधी दोन-तीन जाणकारांनी निबंध गुपचूप तपासायची पद्धत सर्वत्र रुळली ती थेट विसाव्या शतकात.

आमची अडचण त्याच्याही अलीकडची होती. निबंध हाती यायचा कसा? सकाळची एसटी धरून कोल्हापूर गाठायचं, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने अंक चाळायचे, झेरॉक्स काढून संध्याकाळी परत. अंक तिथंही नसला तर प्रत मागणारं छापील कार्ड लेखकालाच पाठवायचं. कित्येक आठवड्यांनी परदेशी तिकिटांचं पाकीट आलं की ते विभागभर फिरायचं.

न छापलेले निबंध आपसात वाटायची धडपड जुनीच. 1961 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं अशा प्रती टपालानं वाटायला घेतल्या. नियतकालिकांनी असे निबंध छापायला नकार दिला आणि 1967 मध्ये तो उपक्रम गुंडाळावा लागला. जमलं ते पदार्थवैज्ञानिकांना. ऑगस्ट 1991 मध्ये लॉस अलामॉसमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी न छापलेले निबंध सगळ्यांना वाचता यावेत म्हणून संगणकावर सुरू केलेली सोय म्हणजे आजचं ‘अर्काइव्ह’. रशियन गणितज्ञ पेरेलमननी 2002 मध्ये प्वांकारे अनुमान या गणितातल्या जुन्या कोड्याच्या सिद्धतेचा पहिला भाग तिथंच टाकला, नियतकालिकाकडे पाठवलाच नाही. सांगलीतल्या मुलाला आणि केंब्रिजच्या प्राध्यापकाला एकच निबंध एकाच दिवशी वाचायला मिळू लागला. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

वाटप साधलं, चर्चा अडली. 2006 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानं निबंधांवर कुणीही उघडपणे मत लिहावं असा खुल्या तपासणीचा प्रयोग केला, 1,369 निबंधांपैकी फक्त 71 निबंधांचे लेखक तयार झाले आणि त्यातल्या 33 वर कुणी अक्षरही लिहिलं नाही. 2013 मध्ये छापून आलेल्या वैद्यकीय निबंधांवर टिप्पणी करायला ‘पबमेड कॉमन्स’ हे संकेतस्थळ आलं. तिथं नावानिशीच लिहावं लागे. 2018 मध्ये ते बंद झालं, तोवर जेमतेम सहा हजार निबंधांवर टिप्पण्या आल्या होत्या. ज्याच्या हाती उद्या आपली नेमणूक किंवा अनुदान, त्याची चूक सही करून कोण दाखवणार? 2012 च्या ‘पबपीअर’ या तशाच संकेतस्थळानं नाव न सांगता लिहायची मुभा दिली आणि लोक बोलते झाले. जानेवारी 2014 मध्ये जपानी संशोधकांचे ‘स्टॅप’ पेशींवरचे (साध्या पेशींना ताण देऊन मूलपेशी बनवल्याचा दावा करणारे) निबंध ‘नेचर’मध्ये आले. त्यातल्या चित्रांवर काही दिवसांतच ‘पबपीअर’वर बोट ठेवलं गेलं, आणि जुलैमध्ये ते निबंध मागे घेतले गेले.

आपल्याकडचं उदाहरणही विसरू नये. 31 जानेवारी 2020 ला दिल्लीतल्या संशोधकांनी नवा कोरोना विषाणू आणि एचआयव्ही यांच्यात साम्य असल्याचा निबंध ‘बायोअर्काइव्ह’ या जीवशास्त्राच्या ‘अर्काइव्ह’वर टाकला. जगभरच्या जाणकारांनी त्यातल्या चुका उघडपणे दाखवल्या, आणि लेखकांनी दोन-तीन दिवसांत तो मागे घेतला. हाच निबंध पाकिटातून फिरला असता तर किती महिने लागले असते?

2025 पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सरकारी संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली आहेत. आमच्याकडे एम.एस्सी.ची मुलं शनिवारी हळदीतल्या कर्क्युमिनवरचा एखादा निबंध घेऊन बसतात, आलेख मोठे करून बघतात. परवा एकीनं विचारलं, ‘सर, शंका नाव घालून लिहू की न घालता?’ मी म्हटलं, नाव घाल, मी खाली माझं घालतो.