टेस्टोस्टेरॉनची साधी गोळी का नाही?

रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी निघालं, खात्रीसाठी दुसऱ्यांदा सकाळी रक्त दिलं, तरी आकडा तसाच आला आणि डॉक्टरांनी उपचार सुरू करायचं ठरवलं, की बहुतेक जण आधी हेच विचारतात: याची साधी गोळी नाही का मिळत? प्रश्न रास्त आहे. गेल्या नव्वद वर्षांत या औषधाची जी रूपं निघाली, त्यांतली बरीचशी याच प्रश्नातून निघाली.

१९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम हार्मोन वेगळं केलं आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञांनी ते कोलेस्टेरॉलपासून स्वतंत्रपणे तयार केलं. औषध हाती आलं, पण तोंडाने दिलं तर गुण येईना. आतड्यात शोषलेलं औषध आधी यकृतात जातं, आणि यकृत टेस्टोस्टेरॉनचा बराचसा भाग तिथेच मोडून टाकतं. मग रेणूत फेरफार करून मेथिल टेस्टोस्टेरॉन बनवलं. ते यकृतातून तगून पुढे जायचं, पण त्याचा भार यकृतावरच पडायचा. कावीळ, क्वचित गाठीसुद्धा. म्हणून ही गोळी आता या उपचारासाठी सहसा देत नाहीत.

राहिली सुई. टेस्टोस्टेरॉनला मेदाम्लाची शेपटी जोडली की ते तेलात विरघळतं, स्नायूत साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. शेपटी जितकी लांब, तितका मुक्काम जास्त. सुरुवातीच्या प्रोपिओनेट या आखूड शेपटीच्या रूपाची सुई दर दोन-तीन दिवसांनी घ्यावी लागायची. १९५० च्या दशकात आलेल्या एनान्थेट या लांब शेपटीच्या रूपाने ते अंतर दोन-तीन आठवड्यांवर नेलं. सोय झाली, पण चढ-उतार आले. सुईनंतर दोन-तीन दिवस पातळी नेहमीपेक्षा वर, अंगात जोर, आणि पुढची तारीख जवळ आली की थकवा, चिडचिड. हा हेलकावा ज्याने सोसलाय, त्याला ‘महिन्यातून दोनच सुया’ या सोयीची खरी किंमत विचारावी. रक्तातल्या तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढण्याचा त्रासही सुईवाल्यांत जास्त दिसतो. आज अनेक डॉक्टर कमी मात्रा दर आठवड्याला देतात, ते यासाठीच.

हेलकावा टाळायला त्वचेची वाट धरली गेली. अमेरिकेत १९९३ मध्ये आलेला पहिला पॅच, म्हणजे औषधाची चिकटपट्टी, थेट अंडकोशावर लावायचा होता, कारण तिथली कातडी पातळ. तिथले केस काढा, रोज नवा पॅच चिकटवा. कोण किती दिवस करणार? नंतरचे पॅच पाठीवर, दंडावर लावता येत, पण खाज आणि पुरळ अनेकांना नकोसं झालं. २००० साली जेल आलं आणि लोकांनी ते चटकन स्वीकारलं: सकाळी खांद्याला चोळलं, वाळू दिलं, शर्ट घातला, झालं.

फक्त त्याच उघड्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मूल झोपलं, तर औषध त्याच्या अंगात जातं. लहान मुलांत वयाआधीच तारुण्याच्या खुणा दिसू लागल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये जेलवर ठळक इशारा छापायला लावला. घरात लहान मूल असेल, तर माझ्या मते निवडीत ही गोष्ट सगळ्यात आधी यावी.

गोळीचा नाद मात्र सुटला नव्हता. टेस्टोस्टेरॉनचं अनडेकॅनोएट हे रूप चरबीसोबत लसिकेतून, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या द्रववाहिन्यांतून, शोषलं जातं आणि यकृताला बगल देतं. त्याची कॅप्सूल १९७० च्या दशकातली, जेवणासोबतच घ्यायची. नव्या कॅप्सूलला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, रक्तदाब वाढण्याच्या इशाऱ्यासह. त्याच अनडेकॅनोएटची एरंडेल तेलातली सुई दहा ते चौदा आठवडे पुरते.

तरुण रुग्णाला एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदू वृषणांना इशारा देणं थांबवतो आणि शुक्राणू घटतात, बरेचदा शून्यावर येतात. हे इतकं खात्रीचं आहे की १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने एनान्थेटची दर आठवड्याची सुई पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासली होती.